मंडळी आणि तिचा कवी

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग येतो. साष्टीत धर्मशिक्षणाचा पाठ चालू असताना नवदीक्षित श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीपुढे आपली अडचण मांडतो. आमची पूर्वीची पुराणे आम्हांस वर्ज्य झाली. नव्या धर्माची तत्त्वे आपण शिकविता ते योग्यच, परंतु वाचावयास, ऐकावयास, मन रमवावयास आमच्या भाषेत एखादे पुराण आपण का देत नाही, अशा आशयाची ती विनंती आहे. १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापल्या गेलेल्या, सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचा निर्मितिहेतू कवीने असा एका श्रोत्याच्या मुखी घातला आहे. हा प्रसंग प्रत्यक्ष घडला की ती पुराणरचनेतील संवादरूढीची केवळ योजना आहे, हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. मराठीतील पहिल्या थोर ख्रिस्ती काव्याने आपला उगम समाजाच्या मागणीत दाखविला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या मागणीचे स्वरूपही पाहण्याजोगे आहे. प्रश्नोत्तरावलीने भागत नाही, असे हा श्रोता सांगतो. धर्मांतराने त्याची श्रद्धा बदलली असली तरी त्याचा कान बदललेला नाही. ओवी ऐकत वाढलेल्या त्या कानाला जी रिकामी जागा जाणवते ती धर्मशास्त्रीय नसून वाङ्मयीन आहे.

चर्चने आणि ख्रिस्ती समाजाने आपल्यातील कलावंतांची जोपासना कशी करावी, हा प्रश्न आज शिबिरे, स्पर्धा, विशेषांक आणि ठराव यांच्या भाषेत मांडला जातो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला चार शतकांचा इतिहास असूनही त्या इतिहासाच्या साहाय्याने हा प्रश्न क्वचितच तपासला गेला आहे. अ. का. प्रियोळकरांनी गोमंतकीय ग्रंथांच्या संहितांवर घेतलेले परिश्रम आणि गंगाधर मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा घेतलेला विस्तृत शोध हे ठळक अपवाद सोडले, तर मराठी समीक्षेने या वाङ्मयाला इतिहासग्रंथांतील एका स्वतंत्र प्रकरणात बसवून आपले कर्तव्य संपविले. मंडळीने त्याला उपासनेत बसविले. या दोन्ही व्यवस्थांत लेखकाला जागा मिळते. परंतु जागा मिळणे आणि वाचले जाणे या भिन्न गोष्टी आहेत. आश्रय आणि आस्वाद यांतील हे अंतर ध्यानात घेतल्यावाचून ‘जोपासना’ या शब्दाला अर्थ प्राप्त होत नाही.

‘ख्रिस्तपुराणा’च्या पुढील इतिहासातही हे अंतर दिसते. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ साली ग्रंथ पुन्हा छापला गेला. रविवारी आणि सणावारी देवळात त्याचे वाचन होई. पुढे गोव्यातील राज्यसत्तेचे आणि धर्मसत्तेचे भाषाविषयक धोरण पालटले. १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या उच्चाटनाचा हुकूम काढला. ज्या संस्थेने ग्रंथाला जन्म दिला तिने त्याच्याकडे पाठ फिरविली. त्यानंतरची छापील आवृत्ती निघाली ती १९०७ साली, तीही मंगळूरला, जे. एल. सालढाणा यांच्या संपादनाखाली. मधल्या अडीचशे वर्षांत ग्रंथ जगला तो हस्तलिखित प्रतींत आणि लोकांच्या कंठात. टिपूच्या कैदेत असलेल्या कानडी मुलखातील ख्रिस्ती कुटुंबांनी या ओव्या गाऊन धीर धरला, असे परंपरा सांगते. चर्च आणि समाज हे शब्द जोडशब्दासारखे उच्चारले जातात. येथे मात्र त्यांची फारकत स्पष्ट होते. समाजाने ग्रंथ राखला. पण त्याने राखला तो पवित्र ठेवा म्हणून. स्टीफन्सच्या ओवीची लय कोठे ज्ञानेश्वरीच्या जवळ जाते, कोठे केवळ कथानक पुढे रेटते, बायबलमधील प्रसंगांची निवड कोणत्या कथनदृष्टीने झाली, हे प्रश्न विचारणारा वाचक त्या राखणीतून घडला नाही, आणि त्या परिस्थितीत तो घडण्याची अपेक्षाही करता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती निराळी होती. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू केले, छापखाने आले, शाळा आल्या, पत्रिका-पुस्तिकांचे वितरण करणाऱ्या संस्था आल्या. लेखकाला लागणारी सारी भौतिक सामग्री मराठी ख्रिस्ती समाजाला इतरांच्या बरोबरीने, काही बाबतींत इतरांच्या आधीही, उपलब्ध झाली. या सामग्रीबरोबर एक अट मात्र आली: लेखन उपयोगी असले पाहिजे. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’वर (१८५७) या अटीची मुद्रा उमटली आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिची नोंद होते आणि प्रचारी म्हणून तिची वासलात लावली जाते. हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत. यमुना आणि विनायक यांच्या प्रवासात गावोगावच्या विधवांच्या हकिगती येतात. त्या हकिगती सांगताना पदमनजींची भाषा बोलीच्या जवळ येते, तपशील अंगाला झोंबतात आणि बोधाची चौकट क्षणभर विसरली जाते. मग लेखकाला चौकटीची आठवण होते आणि संवादांचे रूपांतर प्रवचनात होते. एकाच पुस्तकात दोन लेखक वावरत असावेत असा हा अनुभव आहे. त्यांपैकी पहिल्याला उत्तेजन देणारे कोणी होते काय? पुस्तकाची फलश्रुती वाचकाच्या मतपरिवर्तनावर मोजली जाणार असेल, तर हकिगत सांगणारा लेखक स्वतःलाच आवरत जाणार. पदमनजींची शक्ती आणि त्यांची मर्यादा यांचा उगम एकाच व्यवस्थेत आहे.

उपासनेच्या गीतांत हा पेच अधिक सूक्ष्म झाला. प्रारंभीची बहुसंख्य मराठी ख्रिस्ती गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरे होती. परक्या चालीच्या आघातांवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्वदीर्घांची ओढाताण होते. शब्द ओळखू येतो, पण त्याचा उच्चार घरचा राहत नाही. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनी या अडचणीतून वाट काढली. अहमदनगर भागात कीर्तनाचा ख्रिस्ती अवतारही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाला. तेथे पूर्वरंग-उत्तररंगाची जुनी घडण कायम राहिली आणि आख्यान तेवढे बायबलमधून आले. या प्रयोगांचे श्रेय मिशनला द्यावे की मंडळीतील गाणाऱ्यांना, याचा निवाडा अवघड आहे. परदेशी धर्मोपदेशकांपैकी काहींनी त्यांना मनापासून उत्तेजन दिले, हे खरे. परंतु गाणे टिकते ते गाणाऱ्यांच्या आवडीवर, आणि ती आवड या मातीतली होती.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) या पार्श्वभूमीवर उभे राहतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच ते कवी होते. मंडळीने त्यांना घडविले असे म्हणता येणार नाही. मंडळीने त्यांना दिले ते गाणारे कंठ. अभंग लिहावा आणि तो लवकरच शेकडो माणसांनी टाळमृदंगावर म्हणावा, असे भाग्य त्यांच्या समकालीन मराठी कवींपैकी फार थोड्यांना लाभले असेल. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते, आणि ‘अभंगांजली’तील रचना या नियतकालिकाच्या सान्निध्यात वाढली. वाचकवर्गाशी अखंड चालणारा हा व्यवहार टिळकांच्या भक्तिकाव्याच्या रूपबंधात उतरला आहे. त्यांचा अभंग संबोधनप्रधान आहे, चार चरणांत बैठक जमवणारा आहे, आणि एकट्याने वाचताना किंचित उघडा वाटला तरी समूहाच्या आवाजात भरून येणारा आहे. त्याची समीक्षा पुस्तकातील कवितेचे निकष लावून होऊ शकत नाही. तो प्रयोगक्षम काव्याचा प्रकार आहे. त्याचा आशय गाण्याच्या क्रियेतून पूर्ण होतो.

असे असूनही टिळकांचे वाचन दुभंगले. मराठी साहित्यविश्वाने ‘फुलांमुलांचा कवी’ आपल्याकडे घेतला. मंडळीने भजनांचा कवी ठेवून घेतला. पाठ्यपुस्तकांत एक टिळक आले, उपासनेच्या गीतसंग्रहात दुसरे. दोन्हीकडे त्यांचा गौरव झाला आणि दोन्हीकडे ते अर्धे राहिले. निसर्गकवितेतील वात्सल्य आणि अभंगातील ख्रिस्ताविषयीची लडिवाळ आर्तता या एकाच संवेदनशीलतेच्या अवस्था आहेत काय. की धर्मांतरानंतर भाषेत काही मूलभूत पालट झाला. संतकाव्याची परिभाषा ख्रिस्ताला लावताना त्या परिभाषेचे काय झाले आणि ख्रिस्तप्रतिमेचे काय झाले, असे प्रश्न दोन्ही अर्ध्या एकत्र ठेवल्याशिवाय उपस्थितच होत नाहीत. देशीयतेची चर्चा मराठीत हिरिरीने झाली, त्या चर्चेच्या केंद्रस्थानी येण्याचा अधिकार या प्रश्नांना होता. तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे सांगणारा कवी देशीवादाच्या मांडणीला साधकही ठरतो आणि अडचणीचाही. साधक यासाठी की परंपरेची धारणाशक्ती त्याच्यात सिद्ध होते. अडचणीचा यासाठी की परंपरा कोणाची, हा प्रश्न तो पुन्हा उघडतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या नोकरीचा आणि वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि ‘देवाचा दरबार’ या कल्पनेचा उच्चार केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त ज्यात एकत्र येतील, असा तो बंधुभाव होता. चरित्रकारांनी या घटनेकडे आध्यात्मिक विकासाचा टप्पा म्हणून पाहिले आहे. तिला वाङ्मयीन बाजूही आहे. वेतन देणारी संस्था वाईट होती म्हणून टिळक बाहेर पडले, असे नाही. मंडळी मिशनच्या पैशावर उभी असेपर्यंत तिची वाणी तिची राहणार नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती, आणि ती कवितेलाही लागू पडते. आश्रितपणाचा काच जाणवलेला हा कवी समूहापासून मात्र दूर गेला नाही. वेतन सोडताना त्याने श्रोते सोडले नाहीत. कलावंताचे स्वातंत्र्य आणि समाजाशी बांधिलकी यांना परस्परविरोधी टोके मानण्याची आधुनिकतावादी सवय येथे फारशी उपयोगी पडत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत दुभंग आणखी तीव्र आहे. ‘स्मृतिचित्रे’ आज मराठी गद्याचे मानदंड ठरलेले पुस्तक आहे. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, ज्या स्त्रीने दीक्षा घेतली तिचे हे कथन धर्मांतरकथेच्या प्रस्थापित साच्याला जुमानत नाही. त्या साच्यात पूर्वायुष्याचा अंधार, साक्षात्कार आणि नंतरचा प्रकाश असा क्रम असतो. लक्ष्मीबाईंच्या कथनात अंधाराच्या बाजूलाही हसू आहे आणि प्रकाशाच्या बाजूलाही भांडणे आहेत. अस्पृश्यतेचे संस्कार त्यांच्या मनातून कसे हटले, हे त्या सांगतात तेव्हा त्यात तत्त्वचर्चा जवळजवळ नसते. पाणी, भांडी, लेकरे आणि शरम असते. या पुस्तकाची मागणी कोणत्याही चर्चने नोंदविली नव्हती. उपयोगितेच्या कसोटीवर ते उतरले असते, असेही खात्रीने सांगता येत नाही, कारण त्यातील ‘टिळक’ हा पाळक संतचरित्रात शोभणार नाही इतका विसराळू, तापट आणि लोभस माणूस आहे. आणि तरीही मराठी वाचकाच्या मनात ख्रिस्ती माणसाविषयी असलेला दुरावा या एका पुस्तकाने जितका कमी केला तितका पत्रिकांच्या ढिगाने केला नसेल.

पण त्याच हाताने टिळकांच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’त ६४ अध्यायांची भर घालून ते महाकाव्य पूर्ण केले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या स्त्रीने पतीने सोडून दिलेल्या काव्याचा धागा उचलून ते अखेरपर्यंत न्यावे, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील असामान्य घटना आहे. या अध्यायांचे मूल्यमापन कोणी केले? साहित्यविश्वाने त्यांकडे मंडळीचे काव्य म्हणून पाहिले नाही. मंडळीने त्यांकडे काव्य म्हणून पाहिले नाही. ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान लक्ष्मीबाईंना मिळाला. परंतु सन्मान हा परीक्षणाचा पर्याय होऊ शकत नाही. ‘स्मृतिचित्रां’तील कथनाची चपळता ‘ख्रिस्तायना’च्या पद्यबंधात कितपत टिकली, बायबलमधील स्त्रियांचे प्रसंग लिहिताना निवेदनाचा सूर बदलतो की नाही, पतीच्या शैलीचे अनुकरण कोठे थांबते, हे तपासले गेले असते तर कदाचित निर्णय प्रतिकूलही आला असता. प्रतिकूल निर्णय हीसुद्धा जोपासनेचीच एक रीत आहे. मंडळीला ती रीत अपरिचित राहिली; आपल्या माणसाच्या लेखनातील उणीव दाखविणे हे तिला आपलेपणाला बाधक वाटत आले. अल्पसंख्य समाजाच्या या स्वभावाला ऐतिहासिक कारणे आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. बाहेरून संशयाने पाहिले जात असताना घरात कठोर बोलणे अवघड जाते.

येथे आणखी एक अस्वस्थ करणारी बाब नमूद केली पाहिजे. अभंग, ओवी, कीर्तन यांच्या द्वारे साधलेल्या देशीकरणाचे कौतुक करताना त्याचे शिल्पकार बहुतांशी उच्चवर्णीय नवख्रिस्ती होते, याचा विसर पडतो. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणावर महार-मांग समाजांतून आला. त्या माणसांजवळ स्वतःची गाणी होती, हलगी होती, डफ-तुणतुणे होते, जात्यावरची ओवी होती, जागरणाच्या रात्रींची कथनपद्धती होती. उपासनेत यांतले किती शिरले? वारकरी भक्तिकाव्याची प्रतिष्ठित लय ‘मराठी’ म्हणून स्वीकारली गेली आणि जी वाद्ये, ज्या चाली गावकुसाबाहेरच्या होत्या त्यांना पुष्कळदा पूर्वाश्रमाची खूण मानून बाजूला ठेवले गेले. परक्या चालीच्या जुलमातून सुटका करणाऱ्या देशीकरणाने आपली एक उतरंड निर्माण केली, असे म्हणावे लागेल. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सिद्ध केलेले बायबलचे भाषांतर या संदर्भात लक्षणीय ठरते. हिंदू धर्मव्यवहाराचा वास असलेली संस्कृत परिभाषा टाळून साध्या बायकांना कळेल असे बायबल त्यांना हवे होते, आणि ते छापण्याचे कामही मुक्तीतील स्त्रियांनी केले. टिळकांनी परंपरेची परिभाषा आपलीशी केली. रमाबाईंनी तिच्यापासून फारकत घेतली. ‘सर्जनशीलता’ हा शब्द पहिल्या मार्गासाठी सहज वापरला जातो, दुसऱ्यासाठी वापरला जात नाही. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणारी स्त्री कलावंतांच्या कोणत्याही यादीत येत नाही.

पाळकवर्ग आणि कवी यांच्यातील तिढा महाराष्ट्रापुरता नाही. मराठी राजवटीखालील तंजावरात वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) हा तमिळ ख्रिस्ती कवी होऊन गेला. श्वार्त्स या जर्मन मिशनऱ्याच्या छायेत तो वाढला. सरफोजी राजे भोसलेही श्वार्त्स यांच्याच शिक्षणाखाली घडले होते. पुढे नव्या पिढीच्या मिशनऱ्यांशी जातिव्यवहार आणि तमिळ गीतांचा उपासनेतील वापर यांवरून शास्त्रींचा कडाक्याचा वाद झाला, तेव्हा या ख्रिस्ती कवीला आश्रय होता तो हिंदू मराठा राजाच्या दरबाराचा. या वादात कवीची बाजू सर्वस्वी निर्मळ होती असे नाही. जातिभेद राखण्याचा त्याचा आग्रह आज समर्थनीय ठरणार नाही. पण गीतांविषयीचा त्याचा आग्रह योग्य होता, आणि मिशनऱ्यांनी हे दोन्ही आग्रह एकाच गाठोड्यात बांधले. कलेचा प्रश्न शिस्तीचा प्रश्न म्हणून सोडविला जातो तेव्हा असेच होते.

टिळकांच्या चरित्राचा एक धागा अनपेक्षितपणे चित्रकलेकडे जातो. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. त्या परंपरेतून पुण्यात शिवाजीनगरला जो आश्रम उभा राहिला, त्याने आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराला घर दिले. फोन्सेका कॅथलिक होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील पाश्चात्त्य वळणाचे शिक्षण त्यांना मानवले नाही. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात त्यांनी जलरंगाची बंगाली रीत आत्मसात केली. त्यांची मरिया साडी नेसते, तिचा वर्ण सावळा आहे, तिच्या मागे दिसणारे डोंगर सह्याद्रीचे वाटतात. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते गोव्यात परतले, तेव्हा तेथील धर्मसत्तेला आणि युरोपीय प्रतिमांवर पोसलेल्या अभिरुचीला हे रुचले नाही. कॅथलिक चित्रकाराला आपल्या प्रांतात वाव मिळू नये आणि अँग्लिकन आश्रमात त्याने आयुष्याची तीन दशके काढावीत, यात विपर्यास आहे खरा. पण तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. आश्रमाने त्यांना काय दिले, हे पाहिले पाहिजे. भिंती दिल्या, प्रार्थनेची लय दिली, संगत दिली, आणि विषयाची सक्ती केली नाही. या काळातील त्यांच्या चित्रांत एक शांत घरगुतीपणा वाढत जातो. आरंभीच्या काही चित्रांत भारतीयत्व वेषभूषेपुरते दिसते; साडी आणि समई सिद्धान्त मांडत असल्यासारख्या वाटतात. पुढे त्या वस्तू आपापल्या जागी निवांत होतात. देशीकरणाची घोषणा आणि देशी दृष्टी यांतील हा फरक चित्रकलेपुरता मर्यादित नाही. टिळकांच्या अभंगांतही तो शोधता येईल.

फोन्सेकांच्या अखेरच्या वर्षांत रोमन कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका बदलली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान संमत केले. चर्चने कोणतीही एक शैली आपली म्हणून मानलेली नाही, प्रत्येक प्रदेशाच्या कलेला वाव असावा, धर्माध्यक्षांनी कलावंतांची विशेष काळजी वाहावी, असे त्याचे प्रतिपादन आहे. या दस्तऐवजाचा उल्लेख करणारे बहुतेक जण त्यातील उदारतेवर बोट ठेवतात. त्याच प्रकरणात दुसरेही एक सूत्र आहे, त्याची मात्र फारशी चर्चा होत नाही. श्रद्धेला आणि नीतीला बाधक असलेल्या कलाकृती उपासनास्थानातून दूर ठेवाव्यात असे सांगताना, कलादृष्ट्या हीन, सामान्य आणि दिखाऊ असलेल्या कृतींनाही तो दस्तऐवज त्याच पंक्तीत बसवतो. म्हणजे कलात्मक सुमारपणा हा धर्मभावनेचा अपराध ठरतो. हे वाक्य गंभीरपणे घेतले तर आपल्याकडच्या किती देवळांतील प्लास्टरच्या मूर्ती आणि किती विशेषांकांतील कविता बाहेर काढाव्या लागतील, याचा हिशेब करण्याचे धाडस कोणी केलेले नाही. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कलावंतांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात चर्चला कलेची गरज आहे, अशी भूमिका मांडली. गरज मान्य झाली. परंतु गरजेची भाषा पुन्हा उपयोगितेकडे झुकू शकते, आणि त्या झुकावाला आवर घालील अशी समीक्षेची व्यवस्था पत्राने निर्माण होत नसते.

वसईच्या परिसरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे घडले ते या दृष्टीने अधिक फलदायी होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून दीर्घकाळ संपादिलेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने धर्मग्रामाच्या सीमेबाहेरचा लेखक आणि वाचक आत येऊ दिला. वसईतील हरित आंदोलन, पाणी, जमीन, गुंडगिरी हे विषय धार्मिक नियतकालिकाच्या भाषेत आले आणि त्यांनी ती भाषा बदलली. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या भाषांतराला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरूने हे पद भूषवावे काय, असा विरोधाचा सूर उठला. दुसऱ्या बाजूने समाजात अभिमानाची लाट आली. २०२४ साली त्यांचे निधन झाल्यावर दोन्ही बाजूंनी आदरांजली वाहिली. या साऱ्या गदारोळात त्यांच्या गद्याविषयी किती लिहिले गेले? ‘नाही मी एकला’ या आत्मकथनात प्रवचनकार आणि कथनकार यांची जी ओढाताण दिसते, ती थेट पदमनजींची आठवण करून देते. दीडशेहून अधिक वर्षांच्या अंतराने तोच पेच, पुष्कळ सुसंस्कृत रूपात, पुन्हा उभा राहतो. ही तुलना दिब्रिटोंचे महत्त्व कमी करीत नाही. उलट त्यांना लेखक म्हणून गंभीरपणे घेण्याची ती पहिली पायरी ठरेल.

आज नगर, नाशिक, पुणे वा वसई येथील एखाद्या मंडळीत किंवा धर्मग्रामात वाढणाऱ्या, लिहू पाहणाऱ्या तरुणाला काय मिळते? नाताळचे नाटक मिळते, गायकवृंदात जागा मिळते, विशेषांकासाठी कविता मागितली जाते, कधी स्पर्धेचे पारितोषिक मिळते. हे थोडे नाही. इतर अनेक समाजांतील तरुणांना रंगमंचाचा आणि श्रोत्यांचा असा अनुभव विशीच्या आत मिळत नाही. पण त्याच्या कवितेतील तिसरे कडवे उसने आहे, नाटकातील मेंढपाळ पुस्तकी बोलतात, गाण्याची चाल एका चित्रपटगीताची सावली आहे, हे त्याला सांगणारे माणूस सहसा भेटत नाही. आणि त्याने संशयावर, देवाच्या मौनावर, मंडळीतील जातीवर, घरातील मारहाणीवर लिहिले, तर ते छापावे की नाही याचा निर्णय वाङ्मयीन कसोटीवर होत नाही. तो मग बाहेरच्या नियतकालिकांकडे वळतो. तेथे त्याच्या लेखनातील बायबलचे संदर्भ ओळखणारा संपादक विरळा. एकीकडे त्याची श्रद्धा वाचली जाते, दुसरीकडे तिच्याखेरीज सारे. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या वाट्याला आलेला दुभंग त्याला वारशाने मिळतो.

फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. ज्या प्रांतातून त्यांना जावे लागले त्याच प्रांतातील जेज्विट संस्थेने ती जतन केली, अभ्यासकांना पाहू दिली. त्या चित्रांवर लिहिले जाऊ लागले ते त्यानंतर. टिळकांच्या बाबतीत असे ठिकाण शोधायचे तर अहमदनगरच्या त्यांच्या घरापर्यंत मागे जावे लागते. त्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक मुलगा येऊन राहिला होता. तो ख्रिस्ती नव्हता, पुढेही झाला नाही. १९१८ साली भादली येथे त्याचा अंत झाला. लक्ष्मीबाईंनी त्याच्या हट्टांविषयी, रुसव्यांविषयी मायेने लिहिले आहे. बालकवींच्या कवितेत मिशनच्या उपयोगी पडेल अशी एकही ओळ सापडत नाही, आणि तरी ते घर त्यांचे होते.